आत्या, गप की वो!

"फॅन बंद कर," शबाना म्हणाली.

"अगं, मे महिना चालू आहे."

"मग घाम पूस. पण आवाज न करता पूस."

मी फॅन बंद केला. दार लावून घेतलं. खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला. खोलीच्या मधोमध घडी घातलेली वाकळ होती आणि वाकळीवर दोन फोन, डोक्याला डोकं लावून झोपवलेले. एक माझा, एक शेजारच्या शबानाचा. माझ्या फोनची बॅटरी फुगली होती. चार्जरची वायर काढली की तो जीव सोडायचा, म्हणून त्याला वायर लावूनच ठेवलेली, सलाईनवरच्या पेशंटसारखी.

सगुणाआत्या भिंतीला टेकून बसली होती. शबाना तिच्यासमोर उकिडवी बसली आणि परीक्षेतल्या बाईंसारखी सूचना द्यायला लागली.

"आत्या, खोकायचं नाही."

"आला तर?"

"गिळायचा."

"बांगड्या वाजतेत माझ्या."

"हात मांडीखाली घ्या."

आत्यानं खरंच दोन्ही हात मांडीखाली घेतले. साठीची बाई, शाळेतल्या खिचडीच्या पातेल्याला एकटी हात घालणारी, आणि आता वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी बसलेली.

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या."

"माझंच गाणं," आत्या म्हणाली, "अन् मीच चोरावानी बसायलेय."

शबाना खो खो हसली. मी नाही हसले. मला त्या वाक्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं, आणि आजही दिसत नाही.

गाणं नळाचं होतं. आमच्या गावात नळ आला तो आधी गढीत. गढीतले भाऊसाहेब तेव्हा नगराध्यक्ष, त्यामुळे नळाला पत्ता विचारायची गरज पडली नाही. मग तो पेठेत गेला. मग बँक कॉलनीत. आमची भीमनगर वस्ती पेठेपासून हाकेच्या अंतरावर, पण ते अंतर कापायला पाईपाला तीस वर्षं लागली. माझ्या आईचा अख्खा जन्म हापशावर गेला. नळ आला त्या दिवशी सगळ्या बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. पाणी यायला उशीर होता, आणि आत्यानं तिथंच, रांगेत उभ्या उभ्या, घागरीवर अंगठी वाजवून गाणं रचलं. आत्या कधी गाण्याच्या क्लासला गेली नाही. तिला गाणं यायचं तसं यायचं, दुसऱ्या कुणाला जांभई येते तसं.

पुढं तालुक्याच्या महोत्सवात ती ते गायली, आणि तिथं आलेल्या गाण्यांच्या कंपनीच्या माणसानं तिला गाडीत घालून शहरात नेलं. कानाला डबे लावले, काचेच्या खोलीत कोंडलं, गाऊन घेतलं. मग कागद पुढं केले. सगळे इंग्रजीत. "बाई, इथं सही. इथं. इथंपण." आत्या पन्नाशीत साक्षरता वर्गाला जाऊन सही शिकलेली. ती सही म्हणजे तिचा दागिना होता. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, शेवटी खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. जिथं कंपनीला एक पाहिजे होती तिथं तिनं दोन करून दिल्या. "त्यांना लई आवडली सही," परत आल्यावर मला सांगत होती.

आवडणारच. तिनं गाणं, चाल, शब्द, सगळं देऊन टाकलं होतं.

कळलं कधी, तर बचत गटाच्या मेळाव्यात. आत्या स्टेजवर गात होती, बाया टाळ्या देत होत्या, आणि मध्येच माईक मेला. आम्हाला वाटलं लाईट गेली. पण फॅन फिरत होते. आयोजक बाई घाम पुसत स्टेजवर आल्या. "सगुणाबाई, कंपनीचा फोन होता. हे गाणं आता त्यांच्या मालकीचं आहे म्हणे. परवानगीशिवाय म्हणता येत नाही. केस करतील."

"माझं हाय की गाणं."

"तुमचं होतं."

आत्या स्टेजवरून उतरली ती गप झाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती गप. भांडी घासताना जी बाई गल्ली डोक्यावर घ्यायची, ती तोंड मिटून भांडी घासायला लागली. वर्ष झालं. कंपनी पाठवते म्हणालेली गाण्याची प्रत आलीच नाही. आपलं गाणं बाहेर कसं वाजतं, हे तिनं ऐकलेलंसुद्धा नव्हतं.

म्हणून मी ते विकत घेतलं. मोबाईल कंपनीच्या नंबरावर फोन लावायचा, आकडे दाबायचे, बॅलन्स कापून जायचा आणि गाणं फोनमध्ये उतरायचं. उतरलं. पण आत्याला ऐकवायच्या आधी एक प्रत करून ठेवावी म्हणून शबानाच्या फोनला पाठवायला गेले, तर माझ्या फोननं नकार दिला. हे गाणं सुरक्षित आहे म्हणे, पाठवता येणार नाही. सुरक्षित! कुणापासून? जिनं गायलं तिच्यापासून. माझा फुगलेला फोन कोणत्या दिवशी गचकेल याचा नेम नव्हता, आणि तो गचकला की गाणंपण त्याच्याबरोबर सती जाणार होतं.

तेव्हा शबानानं हा उपाय काढला. एका फोननं गाणं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकून टेप करायचं. "मशीनला कुलूप आहे ना?" ती म्हणाली. "हवेला कुठाय?"

"तयार?" शबानानं बोट वर केलं.

मी बटण दाबलं.

ढोलकी आली, बेंजो आला, आणि मग आत्या. वाकळीवरची आत्या. भिंतीजवळच्या आत्यानं डोळे मिटले.

*नळ आला गं दारात, पाणी खळाळं घागरीत,*
*माझ्या मनाची मासोळी उडी मारी गं भरात.*

काय सांगू! त्या एवढ्याशा फोनमधून असा आवाज येत होता की शबाना सूचना विसरून मान डोलवायला लागली. आत्याचे ओठ हलत होते, पण आवाज काढत नव्हती, शहाण्यासारखी. पहिलं कडवं झालं. पाणी भरायचं कडवं झालं. आत्याची मान थोडी पुढं आली. आता तिचं लाडकं कडवं येणार होतं. रांगेतल्या बाया घागरी खाली ठेवून ज्या कडव्याला नाचल्या होत्या ते.

आणि तिथं बासरी वाजली.

साधी नाही, लांबलचक. डोंगरावर कुणी गुराखी बसलाय, खाली नदी वाहतेय, अशा थाटाची बासरी. आमच्या नळाशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

आत्यानं डोळे उघडले. मांडीखालून हात काढले. बांगड्या खळ्ळकन वाजल्या.

"माझी गढी कुठाय?"

शबानानं ओठांवर बोट दाबलं आणि दातांतल्या दातात म्हणाली, "आत्या, गप की वो!"

"न्हाई गप बसत! माझं कडवं कुठाय? तिथं पिपाणी कामून वाजायलीय?"

"आत्या, टेप चालूए!"

"चालू दे!" म्हणत आत्या वाकळीवर ओणवी झाली, दोन्ही फोनांच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि वर्षभर मिटलेलं तोंड उघडलं:

*आधी गेला गं गढीत, मग पेठंच्या हौदात,*
*आमच्या वस्तीला यायाला तीस वर्सं गं वाटंत!*
*नळा, खरं सांग बाबा, कुणी भरलं कानात,*
*की आमचं घर न्हाई म्हून गावाच्या नकाशात?*

खाली बासरी बिचारी वाजतच होती. आत्यानं तिला गायीच्या दाव्यासारखी धरली आणि आपल्या वाटेनं ओढत नेली. शेवटच्या 'नकाशात'वर तिनं असा सूर लावला की खिडकीबाहेर बांधलेली शबानाच्या आईची शेळी दचकून ओरडली, "बेंऽऽ!"

मग कंपनीची आत्या परत आली आणि वाकळीवरची नि खोलीतली अशा दोन्ही आत्यांनी मिळून गाणं संपवलं. तेवढ्यात लाईट गेली. माझ्या फोननं जीव सोडला.

शबानानं कपाळाला हात लावला. "सत्यानाश. बकरीसकट सत्यानाश."

आत्या तांब्याभर पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यांनी माझं कडवं खाल्लं."

परत टेप करायचं ठरलं होतं, लाईट आल्यावर. पण लाईट यायच्या आत शबानाच्या धाकट्या बहिणीनं, नाझनीननं, तो फोन उचलला, ऐकला, हसून हसून लोळली, आणि मजा म्हणून ती टेप मैत्रिणीला पाठवून दिली. नकलेला कुलूप नव्हतं. ती सटकन गेली.

त्या काळी गाणं पाठवायचं म्हणजे दोन फोन शेजारी धरून बसावं लागायचं. आमच्या गावात बाया एकमेकींच्या इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या. रेशनच्या रांगेत, शिवण क्लासला, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर, जीप स्टँडवर, जिथं बघावं तिथं फोनाला फोन. कंपनीचं गाणं विकत घेणारे असतील गावात मूठभर. आमचं बकरीवालं घरोघर. लोक मूळ गाणं ऐकून म्हणायचे, "ह्याच्यात बकरी नाही, हे नकली आहे."

मग ते पेठेत शिरलं. पेठेतल्या कापड दुकानदाराच्या सुनेनं ते रिंगटोन म्हणून लावलं. सासरे जेवायला बसलेले, घास तोंडात, आणि सुनेचा फोन ओट्यावरून म्हणाला, "आधी गेला गं गढीत, मग पेठंच्या हौदात." ठसका लागला म्हणे, पाठ चोळावी लागली. दुसऱ्या दिवशी ते गढीत गेले. तिथं भाऊसाहेबांनी ते आधीच ऐकलेलं, स्वतःच्या ड्रायव्हरच्या फोनवर. भाऊसाहेबांनी थेट शहरात कंपनीला फोन लावला. आमच्यावर गाणी काढता काय? तुमची दुकानं या तालुक्यात चालतात कशी तेच बघतो.

कंपनी पळत आली.

कंपनी म्हणजे एक चौबळ साहेब. इस्त्रीचा झब्बा, अत्तर, बोलणं मऊ. पोलीस चौकीत आम्हाला बोलावणं आलं. आरोपी शोधायला पोलिसांना काही करावं लागलं नव्हतं. "आत्या, गप की वो!" हा आवाज कुणाचा, हे गावातलं शेंबडं पोरगंपण सांगत होतं. आणि शेळीचीसुद्धा ओळख पटलेली होती.

शबाना रडायच्या बेतात. "माझं लग्न ठरायलंय गोतमे. चौकीत गेले कळलं तर मोडेल."

आत्या नवीन लुगडं नेसून दारात उभी. "चला."

"तुमचं नाव नाही बोलावण्यात," मी म्हणाले.

"गाणं कुणाचं हाय?"

"कंपनीचं."

"तेच इचारायचंय मला," आत्या म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

चौकीत फौजदार देशमाने बसले होते. बाजूला हवालदार गव्हाणे, पाण्याच्या कळशीपाशी. एक सांगायला पाहिजे: आमच्या चौकीला तोवर नळ नव्हता. गव्हाणे रोज सकाळी हापशावरून कळशी भरून आणायचे, वर्दीत.

"हे बघा ताई," चौबळ साहेब मला म्हणाले, "मी कलेच्या बाजूचा माणूस आहे. पण चोरी ही चोरीच."

"मी विकत घेतलंय," मी म्हणाले. "बॅलन्स कापलाय तुमच्या लोकांनी."

"तुम्ही गाणं नाही विकत घेतलं. त्या एका फोनवर ते ऐकायची परवानगी घेतली."

"म्हणजे लुगडं विकत घ्यायचं, पण दुकानातच नेसून दुकानातच सोडून यायचं?"

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवायची त्यांची ती पद्धत असावी, कारण त्या दिवशी त्यांनी मिशीवरून बरेचदा हात फिरवला. "साहेब," ते चौबळांना म्हणाले, "तक्रार घेतो. पण मूळ गाणं वाजवा आधी. मूळ आणि नक्कल, दोन्ही ऐकल्याशिवाय मी लिहू काय?"

"अवश्य." चौबळांनी बॅगेतून चकचकीत सीडी काढली. चौकीत नवाच कॉम्प्युटर आलेला, त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. सीडी आत गेली. घरघरली. बाहेर आली.

"काय झालं?"

"एक मिनिट." परत आत. परत बाहेर.

"काय म्हणतंय?"

चौबळ साहेब खाकरले. "परवानगी नाही म्हणतंय."

"कुणाला?"

"ह्या... कॉम्प्युटरला."

"सरकारी कॉम्प्युटरला परवानगी नाही?"

"तसं नाही हो, सुरक्षेसाठी आम्ही अशी व्यवस्था केलीय, की कॉम्प्युटरमध्ये सीडी चालूच नये. नाहीतर लोक कॉपी करतात."

"मग फोनवर लावा."

चौबळांनी फोन काढला. बरीच बटणं दाबली. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि अत्तराचा वास जास्तच यायला लागला. "हा नवीन फोन आहे," शेवटी म्हणाले. "गाणं जुन्या फोनवर राहिलं. ते दुसऱ्यावर येत नाही."

"का?"

"ते... सुरक्षित असतं."

फौजदार खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे गाणं तुमचं, आणि तुम्हालाच वाजवता येईना. मग ह्या पोरींनी उचललं कसं?"

"हवेतून," शबानाच्या तोंडून निघून गेलं. मी तिला चिमटा काढला.

"बरं, मूळ राहू द्या. नक्कल कुठाय?"

चौकीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शबानानं फोन भीतीनं घरीच ठेवला होता. माझ्या फोनमध्ये तर फक्त कुलपातलं, तेही सलाईनशिवाय न चालणारं. मग गव्हाण्यांनी हळूच खिशात हात घातला.

"साहेब, माझ्याकडं आहे."

"तुमच्याकडं?"

"पुरावा म्हणून ठेवलंय साहेब."

"कधीपासून?"

"झाला असंल महिना."

"तक्रार आज आलीय, गव्हाणे."

"आपण तयारीत असावं म्हणून, साहेब."

फोन टेबलावर ठेवला गेला. ढोलकी, बेंजो, आत्या. शबाना जमिनीकडं बघत होती. मी चौबळांकडं. आत्या बाकावर ताठ बसून फक्त ऐकत होती. बासरी आली. "माझी गढी कुठाय?" आली. मग चौकीभर शबानाचा आवाज घुमला, "आत्या, गप की वो!" आणि बाहेरच्या व्हरांड्यात सह्या करायला आलेला एक माणूस मोठ्यानं हसला. मग कडवं आलं. 'आमच्या वस्तीला यायाला' इथं गव्हाण्यांची नजर कळशीकडं गेली, आणि फौजदारांनी मिशीवरून हात फिरवायचा थांबवला.

"बेंऽऽ!"

"बंद करा!" चौबळ उठलेच. त्यांचा मऊपणा गळून पडला. "ह्याच्यासाठीच आलोय मी. कॉपीचं एक वेळ सोडून देऊ. पण लोकांना वाटतंय की हे कडवं कंपनीनं काढलं! गढीवरून धमक्या येतायत आम्हाला. फौजदार साहेब, हे स्पष्ट लिहून घ्या. ते कडवं कंपनीचं नाही. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के! रेकॉर्डिंग झाल्यावरच आम्ही ते नाकारलं होतं. तीन मिनिटांत बसत नव्हतं, आणि कडवट होतं. लोकांना गाण्यात आनंद पाहिजे असतो, तक्रार नाही. म्हणून काढलं आणि तिथं बासरी घातली. असल्या कडव्यावर कंपनीनं ना कधी हक्क सांगितला, ना पुढं कधी सांगणार."

आत्या बाकावरून उठली.

"साहेब," ती म्हणाली, "पुन्यांदा सांगा."

"काय?"

"ते कडवं कुणाचं न्हाई?"

"कंपनीचं नाही."

"फौजदार साहेब, तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं, मावशी."

"हवालदार साहेब, तुम्ही?"

"ऐकलं की. लिहायलोयपण."

आत्यानं पदर खोचला. "मग म्हणते," असं म्हणून तिनं तोंड उघडलं. चौकीत, टेबलासमोर, उभ्या उभ्या. *आधी गेला गं गढीत...*

"अहो बाई! थांबा! गाता येणार नाही तुम्हाला!"

"कामून? आताच म्हणलाव न तुम्ही, तुमचं न्हाई."

"शब्द आमचे नाहीत, पण चाल आमची आहे! करारात चाल आहे!"

आत्या थांबली. वाटलं, परत माईक मेला. परत ती तोंड मिटून भांडी घासणार, मरेपर्यंत. आत्यानं चौबळांकडं पाहिलं. मग टेबलावरची फौजदारांची काठी पाहिली, गव्हाण्यांची कळशी पाहिली. कळशीपाशी गेली, बोटातली अंगठी तिच्यावर वाजवून बघितली. टण्ण.

"बरं," ती म्हणाली. "चाल ठेवा तुमची."

आणि तिनं तेच कडवं दुसऱ्या चालीत घेतलं. पहिली चाल नाचरी होती, ही ठेका धरून पाय आपटत येणारी. अंगठी कळशीवर, टण्ण टण्ण टण्ण, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी असं थांबायचं, जसं कुणी दार ठोठावून उत्तराची वाट बघतंय. *नळा, खरं सांग बाबा.* टण्ण. *कुणी भरलं कानात.* टण्ण. चौबळ तोंड उघडं ठेवून बघत होते. मला वाटतं त्या माणसाला गाण्यातलं खरंच कळत होतं. त्याचा चेहरा बघून मला कळलं की आपण काय हातातून घालवलं, हे त्याला त्याच क्षणी दिसलं.

कडवं संपलं. आत्यानं त्यांच्याकडं बघितलं. "हे तुमचं हाय?"

चौबळांनी बॅग जवळ ओढली.

"मग हे?" म्हणत तिनं जागेवर नवं जोडलं:

*गाणं घातलं कुलपात, किल्ली साहेबाच्या खिशात,*
*गळा राहिला गं माझा, त्याला कोंडशील कशात?*

व्हरांड्यातल्या माणसानं टाळ्या वाजवल्या. फौजदारांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं, पण आधी हात मिशीवर नेला.

"मावशी, बसा आता," ते म्हणाले. मग आम्हाला म्हणाले, "पोरींनो, कंपनीचं जे आहे ते कंपनीचं. ती नक्कल फोनमधून काढून टाकायची. घरी जाऊन लगेच. गव्हाणे, तुम्हीपण."

"साहेब, पुरावा..."

"गव्हाणे."

गव्हाण्यांनी काढून टाकली. सख्खं माणूस पोचवल्यासारखा चेहरा करून.

"आणि बाकी गावाचं काय?" चौबळ म्हणाले. "घरोघर आहे ती."

"तुम्ही घरोघर जाऊन काढा," फौजदार म्हणाले. "सुरुवात गढीपासून करा. ड्रायव्हरच्या फोनमध्ये आहे म्हणतात."

चौबळ सीडी बॅगेत ठेवून निघाले. दारात आत्यानं त्यांना अडवलं. मला वाटलं, आता शिव्या घालते. मी असते तर घातल्या असत्या, मनात चांगल्या निवडूनही ठेवल्या होत्या. आत्या म्हणाली, "बासरी चांगली वाजवली होती त्या पोरानं. सांगा त्याला." आणि बाहेर पडली.

वाटेत मी तिच्यावर चिडले. "आत्या, दोन कडवी आणि मुखडा तर गेलाच ना तुमचा! तो मासोळीचा. तो कंपनीकडंच राहिला."

"राहू दे," आत्या म्हणाली. "पाणी आल्याचं गाणं त्यांना राहू दे. का उशिरा आलं, ते माझ्याकडं हाय."

शबानाचं लग्न मोडलं नाही. नवऱ्याकडच्यांनी तिला बघताच ओळखलं, बकरीवाल्या गाण्यातली म्हणून, आणि सासूनं पहिल्या दिवशी तिला ते वाक्य म्हणून दाखवायला लावलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझा तो फोन कधीच मेला, आणि विकत घेतलेलं गाणं त्याच्याबरोबर गेलं. ज्या नंबरावरून ते मिळायचं तो लागत नाही. चौबळांची सीडी ज्यांच्याकडं असेल त्यांच्याकडं ती वाजवायला काही नसेल. इतकं सुरक्षित ठेवलं ते गाणं, की आता ते कुणालाच ऐकता येत नाही. कंपनी आहे की बुडाली, मला माहीत नाही. विचारायला मी जाणार नाही.

मागच्या हिवाळ्यात बचत गटाचा मेळावा झाला, त्याच मैदानात. आत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर. आता ती गात नाही, दम पुरत नाही. स्टेजवर जिनिंगपलीकडच्या वस्तीतल्या चार पोरी आल्या. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो, त्या आम्हाला ओळखत नव्हत्या. एकीनं कळशी मांडीवर घेतली. टण्ण. *आधी गेला गं गढीत...*

आत्याची चाल. चौकीतली, पुढं ती वर्षानुवर्षं मेळाव्यांतून म्हणत आलेली. आणि कडवी किती! आत्याची दोन, आणि पुढं कुणी कुणी जोडलेली. शाळेचं एक, दवाखान्याच्या रस्त्याचं एक, विजेच्या खांबाचं एक. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'नकाशात'ची ओळ परत यायची, आणि ती आली की चारही पोरी माना वर करून गंभीरपणे ओरडायच्या, "बेंऽऽ!" का, ते त्यांना माहीत नव्हतं. गाण्यात ते तसंच असतं, एवढंच त्यांना माहीत.

मग एकीनं माईक तोंडाशी घेतला आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आत्या, गप की वो!"

आणि अख्खा मंडप, हजारभर बाया, एका आवाजात:

"न्हाई गप बसत!"

शबाना माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर धाकटी लेक. ती माझ्या कानात ओरडली, "अगे गोतमे, हे वाक्य माझंए! मला कुणी विचारलंच नाही!"

"मग जा, माईक बंद पाड."

"छे!" ती म्हणाली, आणि पुढचं कडवं संपायच्या आत लेकीला माझ्या मांडीवर टाकून उभी राहिली, कारण आता परत तिची ओळ येणार होती.

पुढच्या रांगेत आत्या टाळ्या वाजवत होती. बांगड्या एवढ्या वाजत होत्या की मागच्या बाया तिला गप करायला बघत होत्या.